पिठाचा पक्षी आणि स्लावाचा पाव



"तुमच्यात अंडं चालत नाही, ठाऊक आहे मला. पण उद्या आमच्यातही चालत नाही. तेव्हा या, हात लावा थोडा."

वर्ष होऊन गेलं या गोष्टीला. लेकीच्या बाळंतपणासाठी मी व्हिएन्नाला गेले होते. तिच्या वरच्या मजल्यावर एक सर्बियन बाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, यजमान गेलेले, दोन मुली लग्न होऊन आपापल्या घरी. सर्बियन भाषेत आजीला 'बाबा' म्हणतात, त्यामुळे त्यांचा नातू जिन्यातून "बाबा, बाबा" अशी हाक मारत वर जायचा आणि मला पहिले चार दिवस वाटायचं की ह्याचे वडील वर राहतात! त्याआधी त्यांनी दोनदा काहीतरी गोड पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा मी हात जोडून परत केलं होतं. अंडं होतं त्यात. लेकीने जर्मनमधून समजावून सांगितलं, पण भरलेलं ताट परत नेताना बाईचा चेहरा कसा होतो हे आपल्याला काय सांगायला हवं? म्हणून १८ डिसेंबरला त्या स्वतः खाली आल्या आणि वरचं वाक्य बोलल्या, तेव्हा मला नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, त्यांच्या घरची स्लावा होती.

स्लावा म्हणजे सर्बियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घराण्याच्या संरक्षक संताचा दिवस. प्रत्येक घराण्याचा संत ठरलेला. तो बापाकडून मुलाकडे येतो, बाई लग्न होऊन गेली की नवऱ्याच्या घरचा संत तिचा होतो. कुणाचा संत जॉर्ज, त्यांची स्लावा ६ मेला. कुणाचा संत जॉन, त्यांची २० जानेवारीला. पण सगळ्यांत जास्त घरांत मानला जातो तो संत निकोला, १९ डिसेंबरचा. युरोपात इतर ठिकाणी हाच दिवस ६ डिसेंबरला असतो. सर्बियन चर्च अजून जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतं, ते आज तेरा दिवस मागे आहे. त्यामुळे त्यांचा नाताळही ७ जानेवारीला. तिथी आणि तारीख यांची ओढाताण आपल्याला नवी नाही, मला हे लगेच समजलं.

आणि अंडं का नाही? तर नाताळाआधी चाळीस दिवस, २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी, त्यांचा उपवासाचा काळ असतो. उपाशी राहायचं नसतं. मांस, दूध, लोणी, चीज, अंडी सोडायची. मी मनात म्हटलं, हा तर आपल्या रसपरित्यागाचा चुलतभाऊ. निकोलाचा दिवस दरवर्षी या चाळीस दिवसांतच येतो, म्हणून ती स्लावा कायम 'पोस्ना', उपवासाची. बाकीच्या संतांची स्लावाही बुधवारी किंवा शुक्रवारी आली की पोस्नाच. मासा मात्र त्या दिवशी चालतो, आणि ताटात असतोच. ते मी इथे लपवत नाही. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसले नाही. मी पिठापुरती होते.

त्या पावाला म्हणतात स्लाव्स्की कोलाच. 'कोलो' म्हणजे चाक, त्यावरून कोलाच, चाकासारखा गोल. (आपला 'पाव' शब्द पोर्तुगीजांकडून आला, आपल्या घरात रुळला. पण हा पाव आपल्या पावासारखा नाही, म्हणून मी कोलाचच म्हणते.) एक किलो मैदा, कोमट पाणी, मीठ, थोडी साखर, तेल, ताजं यीस्ट. उपवासाचा नसेल तेव्हा पाण्याऐवजी दूध आणि वर अंड्याचा हात. स्लावाच्या आधी धर्मगुरू घरी येऊन पाणी मंत्रून जातात, त्यातलं थोडं पाणी या कणकेत घालायचंच.

यीस्टचं मी त्यांना आधीच सांगून टाकलं. मळायला मदत करीन, पण खाणार नाही. खमीर आम्हाला वर्ज्य, आणि वाइन तर त्याहून. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं नाही, समजूत घातली नाही. मला त्या बाईबद्दल आदर वाटला तो तिथे.

कोलाचचं खरं काम मळण्यात नाही, सजवण्यात आहे. सजावटीची कणीक वेगळी भिजवतात. तिच्यात खमीर नसतं, त्यामुळे ती फुगत नाही आणि नक्षी मोडत नाही. मोठ्या गोळ्याच्या कडेने तीन पदरी वेणी घालायची. मधोमध क्रॉस. क्रॉसच्या चार कोपऱ्यांत लाकडी शिक्क्याचा ठसा, त्यावर अक्षरं असतात, अर्थ 'येशू ख्रिस्त विजयी'. मग रिकाम्या जागी द्राक्षाचा घड, पिंप, पुस्तक, गव्हाची ओंबी आणि पक्षी. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. वेणी मी घातली. तीन पदरांची वेणी आपल्या हाताला काय अवघड? द्राक्षं केली. मग त्यांनी एक छोटा गोळा माझ्या हातात दिला आणि दोन अंगठे जोडून पंख करून दाखवले. पक्षी कर.

माझा हात थांबला.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या निम्म्या जणींना कळलं असेल का ते. राजा यशोधराची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली आहे. आईच्या आग्रहावरून देवीला बळी द्यायची वेळ आली, जिवंत प्राणी मारणार नाही म्हणून त्याने पिठाचा कोंबडा केला आणि तो कापला. आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी माय-लेकांना किती जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागले! कापताना मनात मारण्याचा संकल्प होता, तोच बांधला गेला. सोमदेव सूरींनी ही कथा ९५९ मध्ये 'यशस्तिलक' चंपूत सांगितली, कन्नडमध्ये जन्न कवीने १२०९ मध्ये. आमच्या सांगलीकडच्या घरांत ती इतकी मुरलेली आहे की दिवाळीत कुणी साखरेचे हत्ती-घोडे आणले तरी आमच्या आजी ते तोडून खाऊ देत नसत. विरघळू द्यायच्या दुधात.

मी लेकीला म्हटलं, सांग त्यांना. तिने बाळाला मांडीवर घेऊन, अडखळत, अख्खी गोष्ट जर्मनमध्ये सांगितली. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. गोळा माझ्या हातातून परत घेतला, थोडा वेळ तसाच धरून बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडेही सांगतात की आधी सुरी होती. मग संत सावाने सांगितलं, सुरी ठेवा, गहू शिजवा."

आता इथे मला थोडं थांबून इतिहासात जायला हवं, कारण घरी आल्यावर मी हे शोधत बसले.

संत सावा हे सर्बियाचे सर्वांत मोठे संत. त्यांचं मूळ नाव रास्तको. राजा स्तेफान नेमान्याचा धाकटा मुलगा. तरुण वयात राजवाडा सोडून ग्रीसमधल्या आथोस पर्वतावर गेला आणि साधू झाला. काही वर्षांनी बापानेही, ११९६ मध्ये, राज्य सोडलं आणि मुलाच्या वाटेने गेला. दोघांनी मिळून ११९८ मध्ये आथोसवर हिलांदार हा मठ उभा केला. राजपुत्राने आधी दीक्षा घ्यायची आणि बापाने मागून, हे वाचताना मला परकं वाटलंच नाही. १२१९ मध्ये सर्बियन चर्च स्वतंत्र झालं आणि सावा त्याचे पहिले मुख्य धर्माधिकारी झाले. लोकपरंपरा म्हणते की ख्रिस्ती होण्याआधी सर्ब घरांचे आपापले रक्षक देव होते, त्यांना बळी दिले जात. सावांनी देवांच्या जागी संत आणले आणि बळीच्या जागी गहू. असं एका माणसाने एका फटक्यात केलं असेल असं मला वाटत नाही. रूढी अशा हुकमाने बदलत नाहीत, हे आपण घरात रोज बघतो. पण लोकांनी आठवण तरी तशी ठेवली, हे खरं.

सर्बियाचे एक विद्वान वेसेलिन चायकानोविच (१८८१–१९४६) यांनी या सगळ्याचा अभ्यास केला. त्यांच्या मते स्लावाचं मूळ पूर्वजांच्या पूजेत आहे. संताच्या नावामागे घराण्यातले गेलेले लोक उभे आहेत. आणि याचा पुरावा कोलाचच्या शेजारी वाडग्यात असतो. त्याला म्हणतात कोल्यिवो किंवा नुसतं 'झितो', म्हणजे गहू. शिजवलेला गहू वाटून, त्यात अक्रोड आणि साखर, वर पिठीसाखर. आपल्या घुगऱ्याच, गोड केलेल्या. दारात आलेल्या पाहुण्याला सर्वांत आधी याचा एक चमचा देतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांत हाच पदार्थ गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ करतात. सर्बियात काही लोक देवदूत मिखाइलाच्या स्लावाला गहू शिजवत नाहीत, का, तर तो कधी मेलाच नाही! चर्च सांगतं की तसं काही नाही, गहू सगळ्यांना करा. बायका ऐकत नाहीत.

त्या शिजवलेल्या गव्हाची आणखी एक जुनी कथा ऑर्थोडॉक्स जगात सांगतात. चौथ्या शतकात रोमन सम्राट जुलियनने कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातल्या अन्नावर बळीचं रक्त शिंपडायला लावलं, म्हणजे उपवास करणारे ख्रिस्ती बाटतील. तेव्हा संत थिओडोर तिथल्या धर्माध्यक्षाच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, बाजारातलं काही घेऊ नका, घरातला गहू शिजवून खा. ही कथा घडली की नाही हे बाजूला ठेवा. बाहेरचं अन्न शंकेचं झालं की बाई घरातल्या डब्यातला गहू काढते आणि शिजवते, एवढं तर कुठल्याही शतकात खरंच आहे.

तर परत स्वयंपाकघरात. पक्षी त्या स्वतः करत असत, दरवर्षी दोन. त्या वर्षी त्यांनी तो गोळा लांबट वळला आणि माझ्यापुढे ठेवला. "मग ओंबी कर." मी सुरीच्या टोकाने दाणे पाडले, कुसं कात्रीने कापून उभी केली. कोलाचच्या मधे, क्रॉसच्या वर, जिथे पक्षी बसायचा तिथे माझी ओंबी बसली. डावीकडे जरा कललेली. वर साखरपाण्याचा हात दिला आणि ओव्हनमध्ये तासभर.

दुसऱ्या दिवशी काय होतं ते मी दारातून पाहिलं. मेणबत्ती, धूप, संताचं चित्र, तेलाचा दिवा. धर्मगुरूंनी कोलाच उलटा करून खालून क्रॉससारखा छेद दिला, छेदात लाल वाइन ओतली. मग सगळ्यांनी हात लावून तो गोल फिरवला, प्रार्थना म्हणत, आणि हातांनी दोन भाग केले. ते फिरवणं बघताना 'चाक' शब्द मला खरा कळला. स्लावाला कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्यांना यायचं ते येतात, आणि एकदा आलेला दरवर्षी येतो. दिवसभर दार उघडंच.

आणि दुपारी साडेतीनला त्या एक झाकलेला वाडगा घेऊन खाली आल्या. डिसेंबरात व्हिएन्नाला चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, हे मी आधी बोलले होते, त्यांनी लक्षात ठेवलं होतं. वाडग्यात गहू, अक्रोड, साखर. वाइन आणि विधी होण्याच्या आधी, सकाळीच, वेगळा काढून ठेवलेला. मी तो दिवस असताना खाल्ला. बारा दिवसांनी आमच्या बाळाचं बारसं केलं तेव्हा मी घुगऱ्या केल्या आणि पहिला वाडगा वर पाठवला.

बारशाच्या दिवशी त्या आमच्याकडे बसल्या होत्या, नात मांडीवर घेऊन. अचानक म्हणाल्या, "मुलगी. छान. आमच्या घरात पण मुलीच." आणि मग जे बोलल्या ते ऐकून मी या लेखाला हात घातला.

स्लावा मुलाकडे जाते. मुलगा नसेल तर? रूढीत उत्तर एकच, घरजावई. तो सासऱ्याचं घर घेतो तसा घराचा संतही घेतो. त्यांच्या थोरल्या मुलीच्या सासरी संत जॉनची स्लावा आहे, तिला ती करावी लागते. धाकटीचा नवरा ऑस्ट्रियन, त्याला कुठलाच संत नाही, पण तो इथे येऊन राहणारही नाही. "म्हणजे माझ्यानंतर निकोला कुठे जाणार?" हे त्यांनी अगदी सहज विचारलं, भाजी कुठे मिळते विचारावं तसं.

मला राग आला, खरं सांगते. कारण या स्लावाचा इतिहास उघडा आणि बघा, ती टिकली कुणाच्या हाताने. तुर्कांच्या राज्यात अनेक गावांत चर्च नव्हतं की धर्मगुरू नव्हता. मग घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वतः प्रार्थना म्हणायची आणि कोलाच मोडायचा. पण मोडायला कोलाच हवा ना! गव्हाचं पीठ सांभाळून ठेवणारी कोण? एकोणिसाव्या शतकात सर्बियातल्या खेड्यात रोजची भाकरी मक्याची, तिला 'प्रोया' म्हणतात. गहू सणाला. आपल्याकडे रोज ज्वारी आणि सणाला पोळी, तसंच. वर्षभरातून तेवढा गहू बाजूला ठेवायचा म्हणजे किती वेळा मुलांना नाही म्हणावं लागलं असेल. १६९० मध्ये कुलगुरू आर्सेनिये यांच्याबरोबर हजारो कुटुंबं तुर्कांच्या भीतीने उत्तरेला, डॅन्यूबच्या पलीकडे ऑस्ट्रियाच्या राज्यात गेली. घर, शेत, कबरी मागे राहिल्या. स्लावा गेली त्यांच्याबरोबर. तिला न्यायला गाडीत जागा लागत नाही.

या रूढी पहिल्यांदा नीट लिहून काढल्या त्या वुक कराजिच यांनी, आणि गंमत म्हणजे त्यांचं आयुष्य याच व्हिएन्नात गेलं. सर्बियन भाषेचा त्यांचा कोश १८१८ मध्ये इथेच छापला. १८६४ मध्ये ते इथेच वारले. सर्ब लोकांचं जीवन आणि चालीरीती यांवरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८६७ मध्ये, निघालं. तेही व्हिएन्नातच. स्लावा आणि नाताळ, दोन्ही त्यात आहेत. नावं अर्थात कर्त्या पुरुषाची. पीठ मळणारीला नुसतं 'घरची बाई' म्हटलं की झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राज्य आलं. पक्षाच्या सभासदाने, शिक्षकाने, लष्करातल्या माणसाने उघडपणे स्लावा करणं म्हणजे नोकरीवर पाणी. आमच्या वरच्या बाईंचे सासरे पक्षात होते. त्या काळात त्यांच्या घरी १९ डिसेंबरला 'सासूबाईंचा वाढदिवस' असायचा. पडदे ओढलेले, मेणबत्ती कपाटात, आणि सासूबाई रात्री दोनला उठून कोलाच भाजायच्या, म्हणजे सकाळपर्यंत जिन्यातला वास जाईल. सासरे सकाळी स्वयंपाकघरात यायचे, काही न बोलता कोलाचचा तुकडा मोडून कामावर जायचे. सासूबाईंचा खरा वाढदिवस ऑगस्टात होता. तो चाळीस वर्षं कुणी केला नाही.

२०१४ मध्ये युनेस्कोने स्लावाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सर्बियाकडून त्या यादीत गेलेली ही पहिली गोष्ट. त्यात लिहिलं आहे की विधी कसा करायचा आणि त्याचा अर्थ काय हे घरात पुढे पोहोचवण्यात बायकांचा वाटा विशेष मोठा आहे. युनेस्कोला कळलं, चला!

आता चेस्नित्सा. माझ्या स्वयंपाकघरात आली ती हीच, कोलाच नाही.

चेस्नित्सा नाताळच्या सकाळी, ७ जानेवारीला करतात. 'चेस्त' म्हणजे वाटा, हिस्सा. म्हणून चेस्नित्सा. गोल भाकरीसारखी, आत एक नाणं. काही भागांत खमिराशिवाय करतात. सगळे भोवती उभे राहतात, हात लावून ती फिरवतात आणि मोडतात. सुरी लावायची नाही. प्रत्येकाला एक वाटा, शिवाय एक घराला, आणि एक वाटसरूला, जो येईल त्याला. ज्याच्या वाट्यात नाणं, त्याचं वर्ष चांगलं.

या नाण्याचीही एक कहाणी आहे. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियावर आंतरराष्ट्रीय निर्बंध लागले आणि तिथला दिनार कोसळायला लागला. १९९३ मध्ये सरकारने ५०० अब्ज दिनारची नोट छापली. पाचावर अकरा शून्यं. जानेवारी १९९४ या एका महिन्यात महागाई ३१ कोटी ३० लाख टक्क्यांनी वाढली. सकाळी मिळालेल्या पगारात संध्याकाळी काही येत नव्हतं. २४ जानेवारीला नवा दिनार आणून, तो जर्मन मार्कला बांधून, हे थांबवलं गेलं. पण त्याआधी ७ तारखेला नाताळ होताच. त्या दिवशी चेस्नित्सेत काय घालायचं? त्यांच्या सासूबाईंकडे राजाच्या काळातलं एक चांदीचं नाणं होतं. दरवर्षी तेच. ज्याला मिळे त्याने दिवसभर खिशात मिरवायचं आणि रात्री परत करायचं. फडक्यात बांधून ते पुढच्या वर्षापर्यंत पिठाच्या डब्यात. म्हणजे देशातला सगळा पैसा रद्दी झाला तेव्हा त्या घरात चालणारं नाणं एकच होतं, आणि ते पिठात होतं.

डॅन्यूबच्या पलीकडे गेलेल्या लोकांच्या प्रदेशाला व्होय्वोदिना म्हणतात. तिथली चेस्नित्सा वेगळी, गोड, पदरांची, बकलाव्याच्या जातीची. दक्षिणेकडे तुर्कांचा बकलावा, उत्तरेकडे व्हिएन्नाचं ताणलेल्या पापुद्र्यांचं स्ट्रुडल. या दोन्हींच्या मधे राहणाऱ्या बायकांनी पातळ पोळ्या लाटल्या नसत्या तरच नवल. तिच्यात खमीर नाही, अंड्याची गरज नाही. वरून मध घालतात, तो मी वगळला. बऱ्याच घरांत साखरेचा पाकच घालतात, त्यामुळे त्यांच्या बाजूनेही काही बिघडलं नाही. ज्या बाईला चिरोटे येतात तिला ही येते.

यंदा ७ जानेवारीला मी सांगलीत केली ती अशी. अर्धा किलो मैदा, चिमूट मीठ, दोन चमचे तुपाचं मोहन, कोमट गाळलेल्या पाण्यात सैलसर भिजवला. पाऊण तास ओल्या फडक्याखाली. दहा गोळे, आणि पोळपाटाचा रंग दिसेल इतक्या पातळ पोळ्या. थाळीला तूप, एक पोळी, तिला पातळ तूप, वर अक्रोडाची भरड, साखर, मनुका. पुन्हा पोळी. अक्रोड मी एक एक फोडून, आतून बघून घेतले, जाळी लागलेले दोन टाकून दिले. मधल्या पदरात नाणं. मला सासूबाईंनी लग्नात दिलेलं चांदीचं नाणं होतं, ते उकळून, पुसून ठेवलं. वरच्या पोळीवर सुरीने चौकोन आखले (ही सुरी त्यांनाही चालते, कारण कच्ची असताना आखायचं आणि नंतर हाताने सोडवायचं). ओटीजीत १८० अंशांवर चाळीस मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर गरम असतानाच एकतारीच्या जरा अलीकडचा पाक, लिंबू पिळून. लगेच खाऊ नका, दोन तास मुरू द्या. पहिल्या वेळी मी पाक जास्त घातला आणि खालचे दोन पदर लगदा झाले. पाऊण वाटी साखरेचा पुरे.

माझ्या घरात नाताळ नव्हता, क्रॉस नव्हता, प्रार्थना नव्हती. दुपारी सगळे होते, थाळी फिरवली, एवढंच. हे यांना पोरखेळ वाटला, पण हात लावला. आठ जणांचे आठ वाटे, एक घराचा, एक वाटसरूचा. वाटसरूचा वाटा भाजीवाल्या मावशींनी खाल्ला, त्यांना नाणं मिळालं असतं तर मला फार आवडलं असतं. पण ते घराच्या वाट्यात निघालं. मी ते परत पुसून मैद्याच्या डब्यात ठेवलं आहे.

संध्याकाळी लेकीला फोटो पाठवला, वर दाखव म्हटलं. उलट तिकडून एक फोटो आला, १९ डिसेंबरचा. या वेळी बाईंचे हात अगदीच चालेनात, म्हणून कोलाच धाकट्या मुलीने केला, जिचा नवरा ऑस्ट्रियन आहे तिने. आईकडे नाही, आपल्या घरी. आपल्या घरातल्या टेबलावर, मेणबत्ती लावून. आई खुर्चीत बसून बघते आहे. वेणी एका बाजूला सुटली आहे, द्राक्षं ओघळल्यासारखी दिसतात. तिने आदल्या वर्षीचा फोटो समोर ठेवून केला, असं लेक म्हणाली. त्यामुळे वर, क्रॉसच्या डोक्यावर, पक्षी नाही. ओंबी आहे, डावीकडे कललेली.